चार एक सात

सांता मारियाच्या बेटावर
रात्री अडीचला गाई झोपलेल्या असतात,
कुंपणाच्या काळ्या दगडांवर धुकं टेकलेलं असतं,
आणि देओलिंदा बेतेंकूर
कानाला अटलांटिक लावून जागी असते.

अटलांटिक म्हणजे खरखर.
मोठ्या कढईत रात्रभर काहीतरी तळलं जावं तशी.
त्या तळणीतून एखादा आवाज वर येतो,
फुगतो, पुन्हा तळाशी जातो.
त्याच्या पाठीमागे तीनशे माणसं
गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपलीत
हे तिला ठाऊक असतं, ऐकू येत नाही.
तिला ऐकू येतात ते आकडे.

तिथे तीनला 'ट्री' म्हणतात, नऊला 'नाइनर'.
मुद्दाम वाकवलेले उच्चार.
वाकवलेला खिळा लाकडातून सहजी निघत नाही
तसा आकडा कानातून निसटू नये म्हणून.

त्या रात्री एकाच कंपनीची दोन विमानं होती.
चार एक सात. चार सात एक.
कुठल्याशा कचेरीत, दिवसाउजेडी,
कॉफीचा कप हातात धरून कुणी
ही नावं ठेवली असणार,
हाक मारणाऱ्याचा विचार न करता
जुळ्यांची ठेवतात तशी.

"चार एक सात, वर चढा."
निर्णय तिचा नव्हे. तो पलीकडच्या खोलीतल्या एव्हारिश्तूचा.
तो पडद्याशी बसतो, ही कानाशी.
उत्तर आलं, पण त्याच्या अलीकडे
एक बारीक शिट्टी.
दोन माणसं एकाच क्षणी बोलली
की दोघांचे शब्द मरतात
आणि उरते ती शिट्टी.
शिट्टीच्या शेपटाला लटकलेलं एकच:
"...चढतोय."

पुस्तकाप्रमाणे हे पुरेसं नव्हतं.
रात्री अडीचला पुरेसं वाटलं असतं.
पेन्सिल कागदावर टेकलीही होती,
बरोबरच्या खुणेचा छोटा पाय काढून झाला होता.

पण चार एक सातच्या कप्तानाला सर्दी होती.
बारा वाजल्यापासून तो प्रत्येक आकड्याआधी नाक ओढत होता,
'नाइनर'चा 'डाइडर' करत होता.
आणि हा 'चढतोय'
स्वच्छ, मोकळ्या नाकाचा होता.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "कोण चढतंय?"

खरखर.
तिने मोजलं नाही, पण नंतरच्या टेपवर अकरा सेकंद भरले.
मग सर्दीवाला: "आम्ही अजून आदेशाची वाट पाहतोय, सांता मारिया."
आणि दुसरीकडून नुसतं
"ओ."
या उच्चाराची सोय कुठल्याच पुस्तकात नाही.

चार सात एकच्या डोक्यावर, हजार फुटांवर,
तिसरंच एक विमान लिस्बनला चाललं होतं.

काहीच घडलं नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही.
एव्हारिश्तू कागदी कप घेऊन आला,
तिच्या शेजारी बसला, न बोलता,
साखर ढवळत राहिला.
साखर घालायची राहिली होती हे नंतर लक्षात आलं.

सकाळी बेकरीत झुल्मिरा म्हणाली, "सहा पाव ना?"
"सहा पाव. बरोबर," देओलिंदा म्हणाली,
आणि पैसे देऊन, पाव न घेताच, बाहेर पडली.

माझ्या भाषेत निघताना 'येतो' म्हणतात.
जाणाऱ्याने 'येतो' म्हणायचं
आणि उंबऱ्यातल्याने ते 'जातो' असं ऐकायचं.
शतकानुशतकं चुकत नाही कुणी.
किंवा चुकतो, आणि वाट पाहत बसतो.
एवढा भरवसा तिच्या रेडिओला परवडणार नाही.

तिचा मुलगा नेलियु फॉल रिव्हरला असतो,
मासळीच्या गोदामात.
रविवारी त्याचा फोन येतो, समुद्र ओलांडून,
आता खरखर अजिबात नसते.
"कसा आहेस?" "कशी आहेस?"
दोघं एकदम बोलतात,
दोघं एकदम थांबतात.
"तू बोल."
"नाही, तू आधी."